अमेरिकेचा डुक्कर-अहवाल कसा वाचायचा: नागपुरातल्या नवख्यांसाठी

कळमना मार्केटमध्ये सोयाबीन घेणाऱ्याला किंवा डीओसीची, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीची, दलाली करणाऱ्याला अमेरिकेतल्या डुकरांशी काय देणंघेणं, असं नवीन आलेला प्रत्येकजण विचारतो. विचारावंच. सोयाबीनचं तेल काढून उरणारी पेंड जगभर मुख्यतः कोंबड्या आणि डुकरं खातात. त्यामुळे शिकागोच्या वायदेबाजारातल्या सोयामीलवर, म्हणजे याच पेंडीच्या भावावर, नजर ठेवणारा कधी ना कधी डुकरांच्या आकड्यांपाशी येऊन पोहोचतोच. पशुवैद्यक महाविद्यालयातली किंवा संख्याशास्त्र शिकणारी पोरं वेगळ्या वाटेने तिथेच येतात, कारण सरकार जिवंत जनावरं मोजून पुढचं उत्पादन कसं सांगतं हे शिकायला याहून सोपं उदाहरण मिळत नाही.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. बातमीत जो आकडा छापून येतो, म्हणजे देशात एकूण डुकरं किती, ती या अहवालातली सगळ्यात कमी कामाची ओळ आहे. हा अहवाल कॅलेंडरसारखा वाचायचा. प्रत्येक रकान्यातलं डुक्कर कोणत्या महिन्यात बाजारात येणार, एवढाच प्रश्न विचारत खाली यायचं.

आधी अहवाल हातात घ्या

अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची, आकडेवारीची एक शाखा आहे. तिला सगळे ‘नॅस’ म्हणतात. ती वर्षातून चार वेळा ‘हॉग्ज अँड पिग्ज’ नावाचा अहवाल काढते. मोजणी १ मार्च, १ जून, १ सप्टेंबर आणि १ डिसेंबर या दिवसांची असते आणि अहवाल त्या त्या महिन्याच्या शेवटाकडे येतो. संकेतस्थळावर फुकट मिळतो. पीडीएफ वाचायला घ्या आणि सोबतची आकड्यांची फाईल एक्सेलसाठी उतरवून ठेवा.

वेळ तिकडच्या दुपारी ३ ची. आपल्याकडे मार्च, जून आणि सप्टेंबरचा अहवाल रात्री साडेबाराला पडतो. डिसेंबरचा दीडला, कारण हिवाळ्यात त्यांची घड्याळं एक तास मागे असतात. त्यासाठी जागरण करू नका. शिकागोतला डुकरांचा वायदा त्याआधीच बंद झालेला असतो, भाव हलायचा तो दुसऱ्या सत्रात हलतो. सकाळी चहाबरोबर वाचला तरी काही बिघडत नाही.

ही मोजणी कशी होते ते थोडं माहीत असू द्या. सगळी डुकरं कोणी मोजत नाही. पाळणाऱ्यांच्या यादीतून नमुना निवडतात, त्यांना टपालाने, फोनवर, ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारतात आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधतात. १९२२ मध्ये हे सुरू झालं तेव्हा खेड्यांतले पोस्टमन आपल्या वाटेवरच्या शेतकऱ्यांना कार्डं देत आणि भरलेली कार्डं परत येत. गुप्ततेचं वेड मात्र त्याच्याही आधीचं आहे, आणि ते आपल्या विदर्भाच्या पिकामुळे लागलं, कापसामुळे. १९०५ मध्ये कृषी खात्यातलाच एक आकडेतज्ज्ञ कापसाचा अंदाज जाहीर होण्याआधी सट्टेबाजांना फोडत होता. खिडकीचा पडदा वर-खाली करून तो बाहेर खूण द्यायचा. तेव्हापासून बाजार हलवणारे अहवाल कडक बंदोबस्तात, बाहेरचा संपर्क तोडलेल्या जागेत तयार होतात.

एककं सांभाळा

तक्त्यांत आकडे हजारांत असतात. ७५,००० लिहिलं असेल तर ते ७.५ कोटी. मजकुरात हाच आकडा मिलियनमध्ये येतो, तिथे दहा लाखांनी गुणायचं. वजनं पौंडांत. शेजारी ‘मागच्या वर्षीच्या टक्के’ असा रकाना असतो. त्यात ९७ दिसलं की ३ टक्के घट, १०२ दिसलं की २ टक्के वाढ. नवखी माणसं ९७ बघून ‘९७ टक्के वाढ’ असं व्हॉट्सॲपवर टाकून मोकळी होतात, आणि ते पुढे दहा ग्रुपमध्ये फिरतं.

आता पैदाशीपासून वाचायला लागा

एकूण संख्येखाली दोन ओळी असतात: पैदाशीसाठी ठेवलेली जनावरं आणि विक्रीसाठी वाढणारी जनावरं. नजर पहिलीवर. अमेरिकेत १ डिसेंबर २०२३ ला पैदाशीची जनावरं सुमारे ६० लाख होती, आदल्या वर्षीपेक्षा ३ टक्क्यांनी कमी. एवढंच वाचणाऱ्याला वाटेल की पुढे माल तुटणार. पण एकूण डुकरं ७.५ कोटी, म्हणजे जवळपास आदल्या वर्षीइतकीच. माद्या कमी होऊनही डुकरं तेवढीच कशी राहिली?

त्याचं उत्तर पुढच्या तक्त्यात आहे. तिथे तीन रकाने एकमेकांना चिकटून असतात: तिमाहीत किती माद्या व्यायल्या, एका वेताला सरासरी किती पिल्लं जगली आणि एकूण पिल्लं किती झाली. तिसरा आकडा म्हणजे पहिल्या दोघांचा गुणाकार. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२३ च्या तिमाहीत एका वेतातली जगलेली पिल्लं ११.२२ वरून ११.६६ झाली होती. माद्यांची घट वेताने भरून काढली. इथे ‘जगलेली’ हा शब्द अधोरेखित करा. जन्मली किती हा प्रश्न वेगळा, तो या रकान्यात येत नाही.

हा गुणाकार उलटा फिरतो तेव्हा काय होतं, ते बघायला मार्च २०१४ चा अहवाल काढून वाचा. मी कोणालाही शिकवताना हाच देतो. २०१३ च्या वसंतात अमेरिकेत डुकरांच्या जुलाबाची एक विषाणूसाथ शिरली. मोठी जनावरं तिच्यातून सावरत, पण आठवड्याभराच्या आतली पिल्लं पटापट मरत. डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या तिमाहीत व्यायलेल्या माद्या २८.७ लाख, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३ टक्के जास्तच. आणि वेताला जगलेली पिल्लं १०.०८ वरून ९.५३. गुणाकार करा: पिल्लं सुमारे ३ टक्के कमी. ज्याने फक्त माद्यांचा रकाना पाहिला त्याला माल वाढणार असं वाटलं असेल. पिल्लं हिवाळ्यात मेली, तूट जाणवली ती उन्हाळ्यात, कारण ती जगली असती तर तेव्हा बाजारात आली असती. २०१४ च्या जुलैत शिकागोचा लीन हॉगचा, म्हणजे डुकरांचा, वायदा पौंडाला १३० सेंटच्या पुढे जाऊन आला.

त्याच तक्त्याच्या शेवटी पुढच्या दोन तिमाह्यांत किती माद्या विणार, याचे पाळणाऱ्यांनी सांगितलेले इरादे असतात. त्यांना किती मान द्यायचा? लगतच्या तिमाहीच्या इराद्यांना बऱ्यापैकी, कारण त्या माद्या बहुतेक गाभण झालेल्या असतात. डुकराचा गर्भकाळ ११४ दिवसांचा: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. त्यापुढच्या तिमाहीचा इरादा हा निव्वळ इरादाच. मका महागला, भाव पडला की तो बदलतो. मी तो रकाना वहीत उतरवतो, हिशेबात धरताना हात आखडता घेतो.

वजनाचा रकाना म्हणजे तारीख

विक्रीची जनावरं चार गटांत येतात: ५० पौंडांखालची, ५० ते ११९, १२० ते १७९ आणि १८० च्या वरची. किलोत साधारण २३, ५४ आणि ८२ या सीमारेषा. अमेरिकेत डुक्कर सुमारे १३० किलोचं झालं की कत्तलखान्यात जातं. शेवटच्या टप्प्यात ते दिवसाला ९०० ग्रॅमच्या आसपास वाढतं, लहानपणी त्याहून कमी.

आता भागाकार करा. ८२ किलोच्या डुकराला अजून ४८ किलो वाढायचंय, म्हणजे ५० ते ५५ दिवस. याचा अर्थ १८० पौंडांवरचा अख्खा गट मोजणीच्या दिवसापासून सात-आठ आठवड्यांत बाजारात येणार. त्याखालचा गट साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात. ५० ते ११९ चा गट बाराव्यापासून अठराव्यापर्यंत. सगळ्यात लहान पिल्लं त्यानंतर, जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत. १ डिसेंबरच्या अहवालात १८० पौंडांवरचा गट १०२ टक्के आणि ५० खालचा ९८ टक्के दिसला, तर जानेवारीपर्यंत माल जास्त आणि एप्रिल-मे मध्ये कमी, असं वाचायचं. एकूण आकडा अशा वेळी १०० च्या आसपास दाखवेल, आणि वर्तमानपत्र ‘डुकरांची संख्या स्थिर’ असं छापेल.

हे गणित एकदा स्वतःच्या हाताने वहीवर करा, मग एक्सेलला सांगा.

भाव आकड्याने हलत नाही, धक्क्याने हलतो

अहवालाआधी वृत्तसंस्था विश्लेषकांचे अंदाज गोळा करून सरासरी छापतात. सरासरी अंदाज ९९ चा असेल आणि अहवालात ९९ आलं तर बाजार ढिम्म. १०१ आलं तर दुसऱ्या दिवशी पडझड. म्हणून तुमच्या तक्त्यात एक रकाना अपेक्षेचा ठेवा. याहून जास्त त्यात काही नाही.

अहवालाची परीक्षा घ्या

नवखे इथेच थांबतात, आणि खरं शिकणं इथून पुढे आहे. अहवाल हा अंदाज आहे. कत्तलीचा आकडा जवळपास मोजून येतो, कारण सरकारी निरीक्षक कत्तलखान्यांत उभे असतात आणि दर आठवड्याला संख्या जाहीर होते. अमेरिकेत आठवड्याला साधारण २५ लाख डुकरं कापली जातात. १८० पौंडांवरचा गट १०२ टक्के म्हटला होता ना? मग पुढचे सात आठवडे कत्तल मागच्या वर्षीच्या १०२ टक्क्यांच्या जवळपास जाते का ते बघत राहा. ती सारखी १०४-१०५ निघाली तर मोजणीत डुकरं सुटली. ९९ निघाली तर मोजणी फुगली, किंवा पाळणाऱ्यांनी जनावरं रोखून धरली. दुसरी शंका असेल तर सरासरी वजन तपासा. रोखलेलं डुक्कर जड होतं, ते लपत नाही. नाताळ किंवा इतर सुट्टीचा आठवडा दोन्ही वर्षी एकाच जागी येतो की नाही तेही बघायचं, नाहीतर तुलना फसते.

नॅससुद्धा हेच करते. मागची संख्या, त्यात नवी पिल्लं, त्यात कॅनडातून आलेली जनावरं, वजा कत्तल, वजा मरतुक, असा ताळेबंद लावून जुने आकडे सुधारते. त्यामुळे नव्या अहवालात मागच्या वर्षीचा आकडा तुमच्या वहीतल्यापेक्षा वेगळा दिसला तर घाबरू नका. दर पाच वर्षांनी होणाऱ्या शेतीगणनेनंतर तर मोठी फेरतपासणी होते. २०२२ सालची गणना फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला आणि सुधारित असे दोन्ही आकडे जपून ठेवा. सुधारणा सतत एकाच दिशेने होत असेल तर ती दिशाच तुमच्या पुढच्या अंदाजाला उपयोगी पडते.

स्वतःचा अंदाज बांधा

सुरुवातीची रीत अगदी सोपी. सप्टेंबर-नोव्हेंबरची पिल्लं मार्च-मे मध्ये कापली जातात, म्हणजे दोन तिमाह्यांचं अंतर. पिल्लांच्या संख्येतून मरतुक वजा करा, कॅनडाची भर घाला, पुढच्या कत्तलीचा आकडा हातात येतो. त्याला सरासरी मांसाच्या वजनाने गुणलं की पोर्कचं उत्पादन. मग यूएसडीएच्या मासिक अंदाजाशी ताडून बघा. लक्षात घ्या, मोजणारी नॅस वेगळी आणि अंदाज बांधणारे अर्थशास्त्रज्ञ त्याच खात्याच्या दुसऱ्या शाखांतले. दोघांचे आकडे एकाच वाक्यात मिसळू नयेत.

त्याहून लांबचं बघायचं तर भावाकडे वळावं लागतं. भाव चढला की पाळणारा पिलावळीतल्या माद्या विकायच्या थांबवून पैदाशीला ठेवतो. त्या वाढणार, गाभण राहणार, विणार, पिल्लं मोठी होणार, तोवर वर्षापेक्षा जास्त काळ जातो, आणि सगळ्यांनी एकदम हेच केलेलं असतं. जर्मनीत आर्थर हानाउ यांनी १९२८ मध्ये डुकरांच्या भावातली ही आवर्तनं मांडली. अमेरिकेत मॉर्डेकाय इझिकिएल यांनी १९३८ मध्ये त्यामागचा सिद्धांत लिहिला. आपल्याला तो समजायला परदेशी जायला नको. २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपयांवर गेली, २०१६ च्या खरिपात विदर्भात जो तो तुरीमागे लागला, आणि २०१७ मध्ये ५,०५० च्या हमीभावाने तूर विकायला खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या.

जवळच्या फार्मवर सराव करा

शहराबाहेर ओळखीतून एखादा वराहपालक सापडतोच. बहुधा तो हॉटेलं आणि मंगल कार्यालयांतलं उरलेलं अन्न आणून, उकळून खाऊ घालत असेल. आधी फोन करून जा आणि बूट धुवून घ्या, कारण आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये ईशान्येतून भारतात शिरल्यापासून बाहेरच्याला आत घ्यायला कोणीही बिचकतो, आणि ते बरोबरच आहे. ‘काका, डुकरं किती आहेत?’ हा प्रश्न विचारू नका. हे विचारा: पैदाशीच्या माद्या किती, गेल्या तीन महिन्यांत किती व्यायल्या, दूध तोडेपर्यंत किती पिल्लं जगली, आणि पुढच्या तीन महिन्यांत किती विणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं: मादीचा नंबर आणि फळवल्याची तारीख. तिच्यात ११४ मिळवले की विण्याचा दिवस.

समजा २० माद्यांपैकी ९ व्यायल्या आणि ८१ पिल्लं जगली. वेताला ९. पुढच्या तिमाहीत ८ विणार असतील तर ७२ पिल्लं धरा. झाला तुमचा अहवाल. आता वजनाप्रमाणे कप्पे मोजा आणि कोणता कप्पा कधी विकला जाणार ते मालकालाच विचारा, कारण आपल्याकडे विक्रीचं वजन कमी आणि वाढीला लागणारा वेळ जास्त. अमेरिकेची सहा महिन्यांची फूटपट्टी इथे लावली तर सगळं चुकेल. शहरातली मोकाट डुकरं या सरावात धरू नका. त्यांचा मालक कोण, हाच वाद आधी मिटत नाही.

भारताच्या आकड्यांतून काय मिळतं

आपली पशुगणना १९१९ पासून चालू आहे. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशात ९०.६ लाख डुकरं होती, २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्के कमी, आणि राज्यांत आसाम पहिला. एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. घरोघर जाऊन, जनावरांच्या जातींप्रमाणे, मोबाइल ॲपवर नोंद होते. त्या अर्थाने ती अमेरिकेच्या नमुना पाहणीपेक्षा भरीव आहे. पण दोन गणनांत पाच-सात वर्षं जातात आणि विण्याचे इरादे कोणी विचारत नाही. म्हणून तिच्यावरून धोरण ठरवता येतं, पुढच्या तिमाहीचा बाजार सांगता येत नाही. दरम्यानच्या वर्षांसाठी एकात्मिक नमुना सर्वेक्षण आहे. ते उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तीन हंगामांत चालतं आणि त्यातून दूध, अंडी, मांस, लोकर यांचे वार्षिक आकडे निघतात.

आणि शेवटी सोयाबीन

आता ज्यासाठी बरेचजण इथवर आले ते. अमेरिकेत वर्षाला सुमारे १३ कोटी डुकरं कापली जातात. एक डुक्कर आयुष्यभरात ढोबळमानाने ५० किलो सोयामील खातं असं धरा. संख्या १ टक्क्याने हलली तर १३ लाख डुकरं, म्हणजे ६५ हजार टन पेंड. अमेरिका वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास सोयामील तयार करते. त्यात ६५ हजार टन म्हणजे चिमूटभर. चीनमध्ये वर्षाला ७० कोटींच्या घरात डुकरं कापली जातात, तिथला १ टक्का साडेतीन लाख टनांचा. म्हणून सोयाबीनवाल्याने चीनच्या कृषी मंत्रालयाचा पैदाशीच्या माद्यांचा आकडा जास्त बारकाईने बघावा. २०२४ मध्ये त्यांनी देशात राखायच्या माद्यांची सामान्य पातळी ४.१ कोटींवरून ३.९ कोटींवर आणली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिकडे आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला, आणि २०१८ च्या शेवटी ४२.८ कोटी असलेली डुकरं वर्षभरात ३१ कोटींवर आली. असा आकडा सोयाबीनला हलवतो.

अमेरिकेचा अहवाल १ टक्का इकडे-तिकडे आला म्हणून सकाळी कळमन्यात बोली बदलू नका. तिथला त्या दिवसाचा भाव आवक, मालातला ओलावा, तेलाचं आयात शुल्क आणि प्लांटवाल्यांची खरेदी यांनीच ठरणार. डुक्कर-अहवालाचे आकडे वहीत उतरवा, अपेक्षेशी फरक मांडा, आणि पुढच्या सात आठवड्यांच्या कत्तलीसाठी रकाने आखून ठेवा.